टेलिकॉमच्या मुलाखतीला जाताना : मूळ गोष्टी पक्क्या करा

कापडाच्या व्यापाऱ्याने टेलिफोनच्या विद्येवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कारण साधे आहे. आपल्या मागवाल्यांच्या, शिवणकाम करणाऱ्यांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या घरांतील मुले आज आय.टी.आय. आणि पॉलिटेक्निकची सर्टिफिकेटे घेऊन बाहेर पडत आहेत. मागाचा धंदा सगळ्या मुलांना पोसू शकेल अशी स्थिती राहिलेली नाही. दुसरीकडे घरोघर इंटरनेटची केबल पोचत आहे, टॉवर उभे राहत आहेत आणि त्या कामाला हाताने काम करणारी, डोके चालवणारी माणसे लागतात. मुले अर्ज करतात, बोलावणेही येते. पण अडतात ती मुलाखतीत.

‘मुलाकात’ हा शब्द आम्ही उर्दू शाळेत भेट या अर्थाने शिकलो. मराठीत तोच शब्द परीक्षेचा झाला. माझ्या मते दोन्ही अर्थ बरोबर आहेत. समोरचा साहेब तुम्हाला भेटून एवढेच पाहतो, की या मुलाला गोष्ट समजली आहे की नुसती पाठ आहे.

माझा एक भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन अशाच एका मुलाखतीला गेला. व्याख्या सगळ्या इंग्रजीतून तोंडपाठ होत्या. साहेबाने विचारले, ‘‘उणे ७० आणि उणे ९० यांत जोरदार सिग्नल कोणता?’’ मुलाने उणे ९० सांगितले. मुलाखत पाच मिनिटांत संपली. घरी येऊन म्हणाला, ‘‘मामू, व्याख्या विचारली असती तर एक शब्द चुकला नसता.’’ त्यानंतर दुकान वाढवल्यावर आम्ही रोज तासभर बसू लागलो. तो त्याच्या पुस्तकातले सांगे, मी कापडाच्या भाषेत उलट प्रश्न करी. मामूला जे समजावता येते ते साहेबाला नक्की समजावता येते, हा त्यामागचा हिशेब होता. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

थोडा इतिहास

मुलाखतीत एखादा प्रश्न इतिहासाचा असतो. आमच्या तरुणपणी परगावच्या अडत्याशी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. साध्या कॉलला तासन्‌तास वाट पाहावी लागे. घाईचा असेल तर दुप्पट दराचा अर्जंट आणि फारच घाई असेल तर आठपट दराचा लाइटनिंग. मधे ऑपरेटर बसलेला असे. ऑपरेटरशिवाय थेट परगावी नंबर फिरवण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., भारतात १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये प्रथम सुरू झाली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि देशात बनलेली एक्स्चेंजेस लहान गावांपर्यंत पोचली. ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. एवढ्या तारखा लक्षात ठेवल्या तरी पुरेसे आहे.

माल आणि गाडी

पहिला प्रश्न बहुधा हा असतो : मॉड्युलेशन म्हणजे काय आणि ते का करतात?

आपला आवाज हा माल आहे. तो स्वतःच्या पायाने दूर जात नाही, त्याला गाडी लागते. ही गाडी म्हणजे उंच फ्रिक्वेन्सीची लहर. तिला कॅरिअर म्हणतात. फ्रिक्वेन्सी म्हणजे लहर एका सेकंदात किती वेळा वरखाली होते ती संख्या, आणि तिचे माप हर्ट्झ. गाडी का लागते याचे उत्तर आकड्यांत द्यावे. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. या वेगाला फ्रिक्वेन्सीने भागले की लहरीची लांबी मिळते. ३००० हर्ट्झची लहर १०० किलोमीटर लांब होते, आणि अँटेना साधारण तिच्या पाव भागाइतका धरला तर तो २५ किलोमीटरचा हवा! तोच हिशेब ९०० मेगाहर्ट्झला केला तर लहर सुमारे ३३ सेंटिमीटर आणि अँटेना सुमारे ८ सेंटिमीटर येतो. म्हणून आवाज उंच फ्रिक्वेन्सीवर लादून पाठवतात.

लादण्याच्या रीती तीन : लहरीची उंची बदलणे, तिची फ्रिक्वेन्सी बदलणे, किंवा तिची फेज म्हणजे सुरुवातीची जागा बदलणे. आकाशवाणीचे मीडियम वेव्ह हे पहिल्याचे उदाहरण आणि एफ.एम. हे दुसऱ्याचे. मोबाइल आणि इंटरनेटमध्ये उंची आणि फेज दोन्ही एकदम बदलून जास्त माल भरतात.

पन्हा म्हणजे बँडविड्थ

कापडाला पन्हा असतो तसा सिग्नलच्या वाटेलाही पन्हा असतो. त्यालाच बँडविड्थ म्हणतात. टेलिफोनवरचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्यात बसवतात. म्हणजे त्याचा पन्हा ३१०० हर्ट्झ. गाण्याला तो अपुरा पडतो, बोलण्याला पुरतो.

परंतु पन्हा रुंद असला म्हणजे झाले असे नाही. सूत गाठींचे, मळलेले असेल तर रुंद कापडावरही बारीक नक्षी उठत नाही. सिग्नलच्या बाबतीत या मळाला नॉइज म्हणतात. अमेरिकेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केले की एखाद्या वाटेवरून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाईल हे दोन गोष्टींवर ठरते : पन्हा किती, आणि सिग्नल नॉइजच्या किती पट. ३१०० हर्ट्झच्या टेलिफोन लाइनवर सिग्नल नॉइजच्या हजारपट असला तर ही मर्यादा सेकंदाला सुमारे ३१ हजार बिट्स येते. जुन्या डायल-अप मोडेमचा वेग २८.८ किंवा ३३.६ किलोबिटच्या आसपास का अडकला, ते यावरून समजते.

येथे मुले आणखी दोन जागी घसरतात. एक, बिट आणि बाइट. आठ बिट्सचा एक बाइट. १०० मेगाबिटचे कनेक्शन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट माल. ग्राहक तक्रार करतो तेव्हा हे समजावणे टेक्निशियनचेच काम असते. दुसरे, बँडविड्थ आणि लेटन्सी. बँडविड्थ म्हणजे एका खेपेत किती माल, लेटन्सी म्हणजे पहिली गाठ पोचायला किती वेळ. आकाशात सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहामार्फत बोलताना वर आणि खाली मिळून ७२ हजार किलोमीटर होतात, म्हणजे एका बाजूने जवळजवळ पाव सेकंद. पन्हा कितीही रुंद केला तरी हा उशीर कमी होत नाही.

आवाजाचे आकडे कसे होतात?

अनालॉग सिग्नल म्हणजे सलग कापड. डिजिटल म्हणजे ठरावीक अंतरावर घेतलेली मापे. नियम असा की सिग्नलमधल्या सर्वांत उंच फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेळा माप घ्यावे. टेलिफोनचा आवाज सोयीसाठी ४००० हर्ट्झपर्यंत धरतात, म्हणून सेकंदाला ८००० मापे. प्रत्येक माप ८ बिट्समध्ये लिहितात. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. हाच तो प्रसिद्ध ६४ किलोबिटचा चॅनल. हा गुणाकार मुलाने साहेबासमोर कागदावर करून दाखवला, तर पुढचे दोन प्रश्न सोपे होतात.

अनालॉग सोडून डिजिटल का? कारण वाटेत मळलेला अनालॉग सिग्नल वाढवला की मळही वाढतो. डिजिटलमध्ये फक्त एक की शून्य एवढेच ओळखायचे असते. ओळखले की प्रत्येक टप्प्यावर नवा कोरा सिग्नल तयार करून पुढे पाठवता येतो.

एका गाडीत अनेकांचा माल

एकाच तारेवरून किंवा एकाच टॉवरवरून हजारो लोक कसे बोलतात? याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात.

पहिली रीत : पन्ह्याच्या पट्ट्या पाडायच्या आणि प्रत्येकाला एक पट्टी द्यायची. ही फ्रिक्वेन्सीची वाटणी. दुसरी रीत : सगळ्यांनी पूर्ण पन्हा वापरायचा, पण पाळीपाळीने. ही वेळेची वाटणी. ई-वन नावाच्या लाइनवर ३२ पाळ्या असतात. त्यांतल्या ३० बोलण्याच्या, एक वेळ जुळवण्याची आणि एक सिग्नलिंगची. ३२ गुणिले ६४ म्हणजे २०४८ किलोबिट; त्यालाच दोन एम.बी.ची लाइन म्हणतात. तिसरी रीत कोडची : एकाच दिवाणखान्यात एक जोडी उर्दू बोलते, दुसरी मराठी, तिसरी तमिळ. सगळे एकदम बोलतात, पण ज्याला जी भाषा येते ती त्याला ऐकू येते. ही सी.डी.एम.ए. जी.एस.एम.च्या २जीमध्ये पहिल्या दोन रीती एकत्र होत्या, ३जीमध्ये कोडची रीत होती, आणि ४जी-५जीमध्ये पन्ह्याच्या शेकडो बारीक पट्ट्या पाडून त्या गरजेप्रमाणे क्षणाक्षणाला वाटतात. ४जीतली अशी एक पट्टी १५ किलोहर्ट्झची असते.

सर्किट आणि पॅकेट स्विचिंग यांतला फरकही असाच. पूर्ण ट्रक आपल्या नावावर घेतला, अर्धा रिकामा गेला तरी भाडे पूर्ण. हे सर्किट स्विचिंग, जुन्या टेलिफोनचे. मालाच्या गाठी करून प्रत्येक गाठीवर पत्ता आणि नंबर टाकला, ज्या ट्रकमध्ये जागा असेल त्यात टाकली आणि पोचल्यावर नंबरवार लावली. हे पॅकेट स्विचिंग, इंटरनेटचे. एखादी गाठ हरवली तर टी.सी.पी. ती पुन्हा मागवते. ४जीवर आवाजसुद्धा अशा गाठींतूनच जातो.

डेसिबल : वटावाचा हिशेब

आता भाच्याला अडवणारा प्रश्न. शंभर रुपयांच्या मालावर दहा टक्के वटाव आणि त्यावर पुन्हा दहा टक्के दिला, तर वीस टक्के होत नाहीत. ८१ रुपये राहतात. कारण वटाव गुणाकाराने चालतो. सिग्नलचेही असेच आहे. प्रत्येक किलोमीटरला, प्रत्येक जोडाला काही भाग कापला जातो. असे पन्नास गुणाकार रस्त्यावर उभे राहून कोण करणार? म्हणून लॉगॅरिदमचा आधार घेऊन डेसिबल केले. त्यात गुणाकाराची बेरीज होते. ३ डेसिबल म्हणजे जवळजवळ दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट. उणे असेल तर तितक्या पटीने कमी.

डेसिबल हे फक्त प्रमाण आहे. डी.बी.एम. म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत. शून्य डी.बी.एम. म्हणजे एक मिलिवॅट, ३० म्हणजे एक वॅट, उणे २० म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग. तेव्हा उणे ७० हा उणे ९० पेक्षा २० डेसिबलने, म्हणजे शंभरपटीने जोरदार. शंभर रुपये देणे असलेल्यापेक्षा सत्तर देणे असलेला बरा, एवढे ध्यानात ठेवले तरी चूक होणार नाही.

काचेचा धागा

आज फायबरच्या कामात माणसे लागतात, म्हणून हा भाग नीट वाचावा. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये १९५० च्या दशकात काचेच्या तंतूंतून प्रकाश नेण्याचे महत्त्वाचे काम केले. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून टेलिफोनचे सिग्नल लांबवर नेता येतील. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले.

फायबरमध्ये मधला गाभा आणि भोवती दुसऱ्या काचेचे आवरण असते. गाभ्यातला प्रकाश कडेला आदळून पूर्णपणे आत परततो, बाहेर पडत नाही. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन आणि आवरणासह जाडी १२५ मायक्रॉन. प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा. किलोमीटरला घट १३१० वर सुमारे ०.३५ आणि १५५० वर सुमारे ०.२ डेसिबल.

केबलमधल्या बारा तंतूंच्या रंगांचा क्रम विचारतात : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिरोजी. शेडकार्ड पाहून मोठी झालेली आपली मुले हा क्रम एका दिवसात पाठ करतील.

आता एक हिशेब. एक्स्चेंजमधून +३ डी.बी.एम. प्रकाश निघाला. एकाचे बत्तीस करणाऱ्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ डेसिबल गेले. दहा किलोमीटर केबलचे सावध हिशेबाने ३.५, चार कनेक्टरचे प्रत्येकी अर्ध्याप्रमाणे २, पाच जोडांचे ०.५. एकूण घट २३. ग्राहकाकडे उणे २० डी.बी.एम. पोचले. घरातल्या यंत्राला सर्वसाधारण जी-पॉन व्यवस्थेत उणे २७ पर्यंत चालते. म्हणजे ७ डेसिबलची शिल्लक आहे. हा जमाखर्च ज्याला मांडता येतो, त्याला लाइन कुठे नापास होईल हे आधी कळते.

केबल तुटली तर जागा कशी शोधायची? ओ.टी.डी.आर. नावाचे यंत्र प्रकाशाचा ठोका पाठवते आणि परत आलेला प्रकाश किती वेळाने आला ते मोजते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १०० मायक्रोसेकंद लागले तर दोन्ही मिळून २० किलोमीटर, म्हणजे तूट १० किलोमीटरवर. निम्मे करायला मुले विसरतात.

मोबाइलची व्यवस्था

जी.एस.एम. ९०० मध्ये २५ मेगाहर्ट्झचा पन्हा, २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्या, म्हणून वापरायच्या पट्ट्या १२४. प्रत्येकीत आठ पाळ्या. एकूण ९९२. म्हणजे पूर्ण पन्हा वापरूनही एका वेळी हजार माणसेदेखील बोलू शकली नसती. तोडगा असा की शहराचे लहान भाग म्हणजे सेल पाडायचे आणि दूरच्या सेलमध्ये त्याच पट्ट्या पुन्हा वापरायच्या. बोलता बोलता एका सेलमधून दुसऱ्यात गेलो की कॉल पुढच्या टॉवरकडे सोपवतात; ते हँडओव्हर.

आपण कुठे आहोत हे नेटवर्कला कसे कळते? एच.एल.आर. म्हणजे आपल्या मूळ मोहल्ल्याचे रजिस्टर, आणि व्ही.एल.आर. म्हणजे आपण सध्या उतरलो आहोत त्या मुसाफिरखान्याचे रजिस्टर. मुसाफिरखाना मूळ मोहल्ल्याला खबर देतो, म्हणून फोन तेथे येतो. १५ अंकी आय.एम.ई.आय. हा हँडसेटचा नंबर, आय.एम.एस.आय. हा सिमकार्डातला.

७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर दूर जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते. ३५०० मेगाहर्ट्झवर माल पुष्कळ मावतो पण पल्ला कमी, म्हणून टॉवर जवळजवळ लागतात. टॉवरवर आणि एक्स्चेंजमध्ये वीजपुरवठा उणे ४८ व्होल्टचा का? बॅटरीची धन बाजू जमिनीला जोडली की तांब्याच्या तारा ओलीने कमी गंजतात.

मुलाखतीच्या खोलीत

शेवटी काही कामाच्या गोष्टी. उत्तर आधी एका वाक्यात द्यावे, मग आकडा आणि मग उदाहरण. इंग्रजी कच्चे असेल तर ‘हिंदीत किंवा मराठीत सांगू का?’ असे अदबीने विचारावे; फील्डच्या कामाला बरेच साहेब हरकत घेत नाहीत. परंतु यंत्रांची आणि मापांची इंग्रजी नावे बिनचूक आली पाहिजेत. माहीत नसेल तर तसे सांगावे आणि आपण ते कसे शोधून काढू तेही सांगावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर लगेच ओळखू येते.

सुरक्षिततेचा प्रश्न आला तर तो हलका समजू नये. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेचे तुकडे चिकटपट्टीवर किंवा डबीत गोळा करावेत. पट्टा आणि हेल्मेटशिवाय टॉवरवर चढू नये, वरचा साहेब घाई करत असला तरी. पगाराआधी जीव, हे घरच्यांनीही मुलाला बजावावे. आणि नोकरी लावून देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवावे.

आपल्या कारीगरांनी सुताचा नंबर बोटांनी चाचपून ओळखण्याचे हुनर पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. त्यांच्या मुलांना डेसिबल आणि मायक्रॉन अवघड जाण्याचे कारण नाही. फक्त पाठांतर सोडून समजून घेण्याची सवय लागली पाहिजे. ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी रात्री जेवणानंतर अर्धा तास त्यांना समोर बसवावे आणि सांगावे, ‘बेटा, आज काय शिकलास ते मला माझ्या भाषेत समजाव.’ जेथे अडेल, तेथेच दुसऱ्या दिवशीचा अभ्यास.